बायबल आणि जादूटोणा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बायबल अभ्यासाच्या ग्रुपमधे दर दोन-तीन महिन्यांनी हेच प्रश्न फिरून येतात, कधी कुणाच्या घरी आजारपण आलं म्हणून, कधी व्हॉट्सअॅपवर काहीतरी फॉरवर्ड आलं म्हणून, तर म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू. वचनांचे आकडे दिलेत, स्वतः उघडून बघा, मी सांगतो म्हणून मानू नका.

बायबलमधे जादूला मनाई नक्की कुठे आहे? एकच वचन आहे का?

एक नाही, बरीच आहेत आणि ती पण वेगवेगळ्या काळातली. निर्गम २२:१८ सगळ्यांना माहीत असतं कारण ते सगळ्यात कडक आहे. लेवीय १९:२६ आणि १९:३१ मधे शकुन बघणं आणि मेलेल्यांचे आत्मे बोलावणाऱ्यांच्या नादी लागणं बंद केलंय, लेवीय २०:६ आणि २०:२७ मधे त्याची शिक्षा आहे. पण सगळ्यात सविस्तर जागा म्हणजे अनुवाद १८:९ ते १४, तिथे अख्खी लिस्टच दिलीय. नंतर संदेष्टे येतात, यशया ८:१९ आणि ४७वा अध्याय, यहेज्केल १३. नवीन करारात गलतीकरांस ५:२० आणि प्रकटीकरण २१:८. एकच वाचायचं असेल तर अनुवाद १८ वाचा, आणि १४व्या वचनावर थांबू नका, १५वं पण वाचा, का ते खाली सांगतो.

अनुवाद १८ मधले ते सगळे शब्द म्हणजे एकच गोष्ट ना? चेटूक, जादू, मंत्रतंत्र?

मला पण आधी तसंच वाटायचं. मराठीत वाचताना आपण ते भरभर वाचून पुढे जातो, पण हिब्रूमधे प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि प्रत्येकामागे एक वेगळा धंदा आहे. पहिली गोष्ट तर आपल्या पोटच्या मुलाला किंवा मुलीला आगीतून पार करणं, ती जादूच्या यादीत सगळ्यात वर का आहे याचा विचार करून बघा. मग येतो ‘कोसेम’, म्हणजे कौल लावणारा. हे कसं चालायचं ते यहेज्केल २१:२१ मधे दिसतं, बाबेलचा राजा रस्त्याच्या फाट्यावर उभा आहे, कुठल्या शहरावर आधी जायचं ते ठरवायला बाण हलवतोय, घरच्या मूर्तींना विचारतोय आणि बळी दिलेल्या जनावराचं काळीज बघतोय. मग ‘मेनाखेश’, शकुन बघणारा. मग ‘मेखाशेफ’, चेटूक करणारा. मग ‘खोवेर खावेर’, हा शब्दशः बांधणारा, जोडणारा, म्हणजे मंत्राने कुणाला तरी बांधून टाकणारा, आपल्याकडे पण ‘बांधून ठेवलंय’ असंच म्हणतात ना. शेवटी मेलेल्यांना विचारणारे, त्यांच्यासाठी तर तीन वेगळे शब्द आहेत. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात तिथे ‘पंचाक्षरी’ असा शब्द आहे. गावाकडच्या माणसाला तो लगेच कळतो, शहरातल्या मुलांना आता समजावून सांगावा लागतो की पंचाक्षरी म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक.

आता या यादीतले बरेचसे धंदे दुसऱ्याचं वाईट करायचे नाहीतच, ते उद्या काय होणार हे विचारायचे आहेत. आपण जादूटोणा म्हटलं की लिंबू-मिरची, बाहुली, टाचण्या हे डोक्यात आणतो, आणि बायबलचा जास्त जोर आहे तो भविष्य विचारण्यावर.

पण मनाई का? देवाला जादूची भीती आहे का?

भीती नाही. इथेच ते १५वं वचन कामाला येतं. १४व्यात म्हटलंय की ही राष्ट्रं शकुन बघणाऱ्यांचं ऐकतात पण तुला देवाने तशी मोकळीक दिलेली नाही, आणि लगेच १५व्यात मोशे, ज्याच्या हातून हा कायदा इस्राएलला मिळाला, म्हणतो की देव तुझ्या भावांमधूनच माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करेल, त्याचं ऐक. म्हणजे ही दोन वचनं एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत, अडचणीत सापडल्यावर तू जाऊन विचारणार कुणाला? काळजाला, बाणाला, मेलेल्याला, की जो देव तुझ्याशी बोलतोय त्याला. यशया ८:१९ तर सरळ विचारतो की जिवंतांसाठी मेलेल्यांकडे का जायचं, लोकांनी आपल्या देवाला विचारू नये का.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मांत्रिकाकडे गेलात की रेट असतो, विधी असतो, तो बरोबर केला की काम झालंच पाहिजे असा हिशोब असतो. प्रार्थनेत तसा हिशोब नाही, देव नाही पण म्हणू शकतो आणि आपल्याला ते झेपत नाही, म्हणून माणूस दुसरा दरवाजा शोधतो.

‘चेटकिणीला जिवंत ठेवू नये’ असं खरंच लिहिलंय?

हो, लिहिलंय. निर्गम २२:१८. लपवून ठेवण्यात अर्थ नाही आणि गोड करून सांगण्यात पण नाही. पण या एका ओळीचं पुढे जे झालं ते माहीत असल्याशिवाय ती ओळ कुणी मोठ्याने वाचू नये असं मला मनापासून वाटतं.

हिब्रू शब्द आहे ‘मेखाशेफा’, स्त्रीलिंगी. ही कोण, काय करायची, हे त्या वचनात सांगितलेलंच नाही, तीन शब्दांचं वाक्य आहे. ख्रिस्ताच्या आधी ज्यूंनी ग्रीकमधे भाषांतर केलं तेव्हा तिथे ‘फार्माकूस’ असा शब्द टाकला, याचा अर्थ जडीबुटी घालणारे, विष घालणारे असाही होतो. लॅटिनमधे ‘मालेफिकोस’ आलं, वाईट कृत्यं करणारे, आणि तो तर पुल्लिंगी अनेकवचनी शब्द आहे. लेवीय २०:२७ मधे पण पुरुष असो की स्त्री असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हा नियम फक्त बायकांसाठी कधीच नव्हता, ज्यू पंडितांनी तालमुदमधे, म्हणजे त्यांच्या नियमांच्या जुन्या ग्रंथात, पण हेच म्हटलंय की कायदा दोघांना लागू. तरी मार कुणी खाल्ला? साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, त्यातल्या बहुतेक बायका, त्यातही म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. १६९२ साली अमेरिकेत सेलमला १९ जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आणि हे करणारी माणसं बायबल रोज वाचणारी होती. त्या कोर्टातला एक न्यायाधीश, सॅम्युएल सूअल, पाच वर्षांनी १६९७ मधे चर्चमधे सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याच्या चुकीची कबुली पाळकाने वाचून दाखवली. मला तो माणूस आठवतो नेहमी, कारण मेलेले परत आले नाहीत पण निदान तो उभा तरी राहिला.

हे लांबचं वाटत असेल तर नंदुरबारकडे, सातपुड्यात बघा, तिथे आजही बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. ते लोक काही निर्गम वाचून करत नाहीत, पण आरोपाची पद्धत तीच, गावात कुणी आजारी पडलं, मूल गेलं, गुरं मेली की बोट एका बाईकडे. मी लहान असताना आमच्या वस्तीत एक म्हातारी होती, एकटीच राहायची, आम्ही पोरं तिला चेटकीण म्हणून दगड मारायचो आणि रविवारी तीच आमच्या मागच्या बाकावर बसून आमच्याबरोबर गाणी म्हणायची. ते मी विसरू शकत नाही.

म्हणजे ते वचन आता लागू नाही असं म्हणायचंय का?

शिक्षा लागू नाही, कुठलंही चर्च आज असं शिकवत नाही. ती प्राचीन इस्राएल राष्ट्राच्या कायद्यातली शिक्षा होती, त्याच कायद्यात आईबापांना शिव्याशाप देणाऱ्यालाही मृत्युदंड आहे. नवीन करारात पौल चेटकाला देहाच्या कर्मांच्या यादीत टाकतो, आणि त्याच यादीत भांडण, मत्सर, राग हे पण आहेत बरं का. तिथे कुणाला मारायला सांगितलेलं नाही.

मोशे आणि अहरोनने काठीचा साप केला ती जादू नव्हती का?

निर्गम ७ ते ९ मधे गंमत अशी आहे की फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, जादूगारांनी पण तेच करून दाखवलं. साप केला, पाण्याचं रक्त केलं, बेडूक पण आणले. बेडूक आधीच घराघरात, कणीक मळायच्या काथवटीत शिरलेत आणि हे आणखी बेडूक आणतायत, घालवता मात्र एकालाही येत नाहीत, घालवायला फारोला मोशेलाच बोलवावं लागलं! मग देवाने मिसरवर आणलेल्या पीडांमधल्या तिसऱ्या पीडेला, धुळीतून चिलटं निघाली तेव्हा ते अडकले आणि स्वतःच म्हणाले की यात देवाचा हात आहे. फोडांच्या पीडेत तर बिचारे मोशेसमोर उभे पण राहू शकले नाहीत.

फरक काय तर मोशेकडे मंत्र नाही. तो आधी सांगतो की देव असं करणार आहे आणि मग ते होतं, आणि बऱ्याचदा मोशेला स्वतःलाच ते नको असतं. सुरुवातीला तर दुसऱ्या कुणाला तरी पाठव म्हणून तो देवाशी वाद घालत होता.

मग योसेफचा प्याला? आणि उरीम-थुम्मीम? चिठ्ठ्या टाकणं?

हा प्रश्न अवघड आहे आणि जो कोणी याला एका वाक्यात उत्तर देतो त्याने तो नीट वाचलेला नाही. उत्पत्ती ४४:५ मधे योसेफचा कारभारी म्हणतो की या प्याल्यातून आमचे धनी शकुन बघतात, आणि तिथे जे क्रियापद आहे तेच अनुवाद १८ मधे बंद केलंय. काही जण म्हणतात की तो भावांना घाबरवायला केलेला बनाव होता, गोष्टीत सगळंच तेव्हा बनाव चाललाय त्यामुळे ते पटण्यासारखं आहे, पण मजकूर तसं उघड सांगत नाही. काही म्हणतात योसेफ मोशेच्या नियमशास्त्राच्या खूप आधीचा, त्यामुळे ते त्याला लागू नाही.

उरीम आणि थुम्मीम महायाजकाच्या उरपटात, म्हणजे छातीवरच्या पट्ट्यात, असायचे आणि त्यातून देवाचा कौल घ्यायचे. चिठ्ठ्या तर नवीन करारात पण आहेत, प्रेषितांची कृत्ये १:२६ मधे मत्थियाची प्रेषित म्हणून निवड चिठ्ठीनेच झाली. म्हणजे बाहेरून बघितलं तर साधन सारखंच दिसतं. नीतिसूत्रे १६:३३ म्हणतं चिठ्ठी पदरात टाकतात पण निर्णय देवाचा. तर मनाई साधनाला कमी आणि ते कुणापुढे धरलंय याला जास्त, असं मी समजतो. यावर वेगळं मत असणारी चांगली अभ्यासू माणसं आहेत.

एन-दोरच्या बाईने शमुवेलला खरंच वर आणलं का?

१ शमुवेल २८. माझ्या मते जुन्या करारातली सगळ्यात उदास रात्र. शमुवेल संदेष्टा मेलाय, शत्रू म्हणजे पलिष्टी शुनेमला तळ देऊन बसलेत, इस्राएलचा राजा शौल गिलबोवा डोंगरावर आहे, घाबरलाय. देवाला विचारतो तर स्वप्नातून नाही, उरीममधून नाही, संदेष्ट्यांकडून नाही, कुठूनच उत्तर नाही. मग ज्याने स्वतःच मांत्रिकांना देशातून हाकलून दिलं होतं तोच राजा वेष बदलून, दोन माणसं घेऊन, रात्री अशा एका बाईच्या घरी जातो. एन-दोर शुनेमच्या पलीकडे आहे, म्हणजे शत्रूच्या छावणीला वळसा घालून जावं लागलं असणार. बाई म्हणते मला फसवायला आलायस का, शौलाने असल्या लोकांचं काय केलंय तुला माहीत नाही का, आणि शौल तिला देवाची शपथ घालून सांगतो की तुला काही होणार नाही. देवाच्या नावाने शपथ, देवाने मना केलेल्या कामासाठी.

आता शमुवेल खरा होता का यावर सुरुवातीच्या चर्चमधेच दोन तट होते, ओरिगेन म्हणायचा खरा शमुवेल, तर्तुल्यन म्हणायचा की शमुवेलचं सोंग घेतलेलं भूत. मजकूर मात्र सरळ ‘शमुवेल म्हणाला’ असं लिहितो, आणि त्याला बघून बाईच किंचाळली, म्हणजे तिला पण अशी अपेक्षा नव्हती असं दिसतं. शमुवेलने नवीन काही सांगितलं नाही, आधी सांगितलेलंच परत सांगितलं आणि वर एवढंच की उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याबरोबर असाल.

यानंतरचा भाग उपदेशात फारसा कुणी घेत नाही. शौल जमिनीवर आडवा पडतो, दिवसभर आणि रात्रभर काही खाल्लेलं नाही. तेव्हा ही बाई जवळ येते आणि म्हणते मी जीव मुठीत धरून तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक, दोन घास खा. तो नाही म्हणतो. ती आणि चाकर मिळून त्याला उठवतात, बिछान्यावर बसवतात, ती घरातलं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजते. राजाचं शेवटचं जेवण त्या बाईच्या हातचं. १ इतिहास १०:१३ शौलला याबद्दल दोष देतं, तिच्याबद्दल एक शब्द वाईट नाही.

जादूला मनाई फक्त इस्राएलमधेच होती का, बाकी सगळीकडे चालायचं?

असं उपदेशात बरेचदा सांगतात पण ते बरोबर नाही. बाबेलमधे हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, दुसरंच कलम याबद्दल आहे. कुणावर चेटकाचा आरोप झाला तर त्याने नदीत उडी मारायची, बुडाला तर आरोप करणाऱ्याला त्याचं घर मिळणार, वाचला तर आरोप करणाऱ्यालाच मृत्युदंड आणि त्याचं घर वाचलेल्याला. म्हणजे दुसऱ्याचं वाईट करणारी जादू तिथेही गुन्हाच होती. पण शकुन बघणं, काळीज बघणं, तारे बघणं हे तिथे राजदरबारचं मानाचं काम होतं. इस्राएलचं वेगळेपण इथे आहे, त्यांनी मानाचं कामच बंद केलं. पाळलं किती हा वेगळा विषय, २ राजे २१:६ मधे मनश्शे राजा सगळंच करतो आणि त्याच्या नातवाला, योशीयाला, ते परत साफ करावं लागतं.

येशूला बघायला आलेले मागी ज्योतिषीच होते ना?

तारा बघून आले म्हणजे तसेच काहीतरी. ‘मागॉस’ हाच ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये १३ मधे सायप्रसच्या बर्येशू नावाच्या जादूगारासाठी वापरलाय, आणि त्याला पौल चांगलाच झापतो. मत्तय मागींवर काही टीका करत नाही, फक्त तारा बघूनही त्यांना यरुशलेममधे थांबून विचारावं लागलं आणि बेथलेहेम हे नाव मीखाच्या पुस्तकातून मिळालं, एवढं सांगतो. तीन जण होते असं कुठेही लिहिलेलं नाही.

इफिसला पुस्तकं जाळली ती कशाची?

मंत्रांची, ही गोष्ट प्रेषितांची कृत्ये १९ मधे आहे. इफिस शहर त्यासाठी प्रसिद्धच होतं, ‘इफिसची अक्षरं’ म्हणून अर्थ नसलेले मंत्रशब्द लोक ताइतात घालायचे. तिथे स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले, “पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने” असं म्हणाले, तर भूतच म्हणालं येशूला ओळखतो, पौल पण माहितीये, तुम्ही कोण, आणि ते मुलगे उघडे-जखमी होऊन पळाले. त्यानंतर लोकांनी आपापली पुस्तकं स्वतःहून आणून जाळली, किंमत ५०,००० रुप्याची नाणी. एक नाणं म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी धरली तर सुट्टी न घेता १३६ वर्षांच्या वर काम. आणि ही पुस्तकं ज्यांची त्यांनी जाळली, पौलाने कुणाच्या घरात घुसून काढली नाहीत.

येशूचं नाव पण मंत्रासारखं वापरता येत नाही हा त्या गोष्टीतला मुद्दा आपल्याला जास्त लागू आहे असं मला वाटतं.

‘फार्माकिया’ म्हणजे औषधं, म्हणून बायबलमधे औषधं घ्यायला मनाई आहे असा मेसेज आला होता.

नाही, नाही, नाही. गलती ५:२० मधला शब्द तो आहे हे खरं, आणि औषधाच्या दुकानाचा इंग्रजी शब्द त्याच मुळापासून आला हे पण खरं. पण तिथे अर्थ चेटूक असाच आहे, म्हणून तर तो मूर्तिपूजेच्या शेजारी आहे. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. असले मेसेज वाचून कुणी शुगरच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या बंद करत असेल तर कृपा करून त्यांना आजच फोन करा.

गळ्यात क्रूस, उशाखाली बायबल, हे चालतं का?

यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमला १९७९ मधे गाब्रिएल बार्काय यांना एका थडग्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या, त्यावर गणना ६ मधला “परमेश्वर तुला आशीर्वाद देवो” हा याजकांचा आशीर्वाद कोरलेला, साधारण इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या. गळ्यात घालायलाच केलेल्या दिसतात. म्हणजे ही सवय जुनीच आहे आणि ती माणसं काही देवाला सोडून गेलेली नव्हती. पण दुसऱ्या बाजूला २ राजे १८:४ बघा, मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी साप लोक पुढे धूप जाळून पुजायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आठवण म्हणून घालत असाल तर घाला, तो काढला तर काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटायला लागली तर विचार करा.

राशिभविष्य, मुहूर्त? आणि पत्त्यांची जादू, स्टेजवरचे प्रयोग?

पहिलं यशया ४७:१३ मधे स्पष्ट आहे, तारे बघणाऱ्यांनी तुला वाचवून दाखवावं असं तो बाबेलला म्हणतो. दुसरं हातचलाखी आहे, त्याचा या वचनांशी काही संबंध नाही, मुलांना खुशाल बघू द्या.

आमच्यावर कुणीतरी करणी केलीये असं घरचे म्हणतात. काय करू?

आधी आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या, उद्या नाही आज. प्रार्थना करा, पाळकांना बोलवा, पण पाळक किंवा दुसरा कुणी प्रार्थनेत “अमुक बाईने केलंय” असं नाव घेत असेल तर तिथेच थांबवा. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला, आणि एखाद्या व्यक्तीवर करणी करते असा आरोप करून तिला त्रास देणं हाच त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. करणी केली म्हणून तक्रार नोंदवत नाहीत, करणीचा आळ घेतला म्हणून नोंदवतात. आळ तुमच्यावर येत असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा.

आणि घरच्यांना गणना २२ ते २४ वाचून दाखवा. मवाबचा बालाक राजा पैसे देऊन बलामला इस्राएल लोकांना शाप द्यायला आणतो, एका डोंगरावरून जमत नाही म्हणून दुसऱ्यावर नेतो, मग तिसऱ्यावर, प्रत्येक ठिकाणी सात वेद्या, सात गोऱ्हे, सात मेंढे. बलाम काही साधा माणूस नव्हता, जॉर्डनमधे देर अल्लाला १९६७ मधे सापडलेल्या भिंतीवरच्या लेखात पण ‘बौराचा पुत्र बलाम’ हे नाव आहे, म्हणजे द्रष्टा म्हणून त्याचं नाव बायबलच्या बाहेरही लोकांना माहीत होतं. आणि तोच म्हणतो, २३:२३, की याकोबावर, म्हणजे इस्राएलवर, मंत्र चालत नाही. एवढ्या तीन डोंगरांच्या खटाटोपाचा इस्राएल लोकांना खाली आपल्या तंबूंमधे पत्ता पण नव्हता. ते त्यांच्या चुली पेटवत होते.